मागच्या चाकाची खटखट

२४ ऑक्टोबर

पुन्हा तेच! जीपमध्ये बसल्या बसल्या रोहितचं सुरू — "वैनी, खड्डं बघून चालवा जरा." अरे, सगळा रस्ताच खड्डा आहे. तू काय हवेतून चालवतोस? दीर आहे म्हणून गप्प बसले. वाजतंय मागचं डावं चाक आणि खापर माझ्या डोक्यावर!

हे गेल्यापासून जीप मीच चालवते. वस्तीतल्या बायकांना सकाळी सूसला कामावर सोडायचं, संध्याकाळी आणायचं. त्यावर माझं आणि माझ्या लेकीचं, आरोहीचं चालतं. आणि हा म्हणतो, विकून टाकू.

२५ ऑक्टोबर

गंगू रोज मागे, त्या चाकावरच बसते. आज उतरताना म्हणाली, "हेमाताई, लई वाजतंय हितं. उद्यापासून मी मदी बसनार." बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही.

२८ ऑक्टोबर

गॅरेजवाल्याने लांबूनच सांगितलं, बेअरिंग गेलंय. बदललं. येताना आवाज नाही. देव पावला.

३० ऑक्टोबर

कसला पावतोय! खटखट परत. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे, ताई, तुम्ही ब्रेक जोरात दाबत असाल. फोन भिंतीवर आपटणार होते. पण फोन माझाच ना.

रोहितने गिऱ्हाईक ठरवलंय, सोमवारी येणार. मला विचारलंसुद्धा नाही! घरात माझ्या बाजूचे एकटे मामंजी. गाडी त्यांनीच शिकवली मला. रोहितला म्हणाले, "हेमा नीट चालवती. खोड गाडीत हाय." पण कुठे, ते त्यांनाही सांगता येईना. शेवटी रोहित म्हणाला, सोमवारच्या आत आवाज गेला तर ठेवू. उपकार झाले!

१ नोव्हेंबर

बेअरिंग असतं तर वेगाबरोबर घरघर वाढली असती. इथे उलटं. हळू चालवताना खटखट, ब्रेक दाबला की एकच ठक्, वेगात गप्प. एवढं कळायला मिशा लागतात का?

पाना घेतला. त्या चाकाचे सगळे नट सैल! जीव खाऊन आवळले. सूसला जाऊन आले — पुन्हा सैल.

२ नोव्हेंबर

आज सुट्टी. जॅक लावून चाकच काढलं. नटांखाली, चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे चाक टेकतं तिथेही — चंदेरी रंग! साईसारखा जाड, पापुद्रे सुटलेले. नट लोखंडावर नाही, रंगावर आवळलेले. रंग झडतोय, नट सुटताहेत. कितीही आवळा.

खंडेनवमी! मामंजी दरवर्षी पूजेच्या आधी गाडी धुतात, चाकांवर वरून ब्रश मारतात. यंदा म्हणाले होते, चाकं काढून चांगली आतून-बाहेरून रंगवतो. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

इतके दिवस रोहितवर दात खात होते, ते सोपं होतं. आता मामंजींवर कशी ओरडू? पण ओरडले. माझ्या जीपमध्ये बायका बसतात, म्हटलं, दगडं नाही! ते पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसले आणि दुसऱ्या चाकाचा रंग घासू लागले.

संध्याकाळी ताम्हिणीपर्यंत फिरवून आणली. आवाज नाही. ये म्हणावं त्या गिऱ्हाईकाला!

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. आरोहीला शाळेच्या गाडीत बसवून परत आले. मामंजी जीप पुसत होते. कालचा राग उतरला होता, म्हणून सहज बोलायला म्हणून विचारलं, पुढची दोन चाकं का राहिली रंगवायची?

"रंग सपला," म्हणाले. "शाळंची गाडी बी आली व्हती पूजेला. तिची चारी काढून रंगवली."

चावी जीपलाच होती. रोहित धावत येऊन शेजारी बसला. कशी चालवली माझं मला माहीत. खड्ड्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

धरणाकाठच्या उतारावर गाडी गाठली. आडवी जीप घालून थांबवली. तिच्या मागच्या एका चाकाचे दोन नट नुसत्या बोटांनी फिरले.

आरोही त्याच चाकावर बसली होती.