टाकीचं झाकण आणि आईची हाक

रेओ बंदर, ३ जुलै १९९४

चि. मेतिल्दा हिस मामाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? आजीला ऐकू येतं ना, की सोयीचं तेवढंच? धाकट्या योहानेसचा खोकला गेला का? आणि म्हैस व्याली का?

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलोच! तुझे बाबा गेल्यापासून चार वर्षं छपराखाली उभा असलेला ट्रक काढून तू प्रवासी नेणार! बेर्नार्दुसकाकांचं म्हणणं, सतराच्या रविवारी तो आपल्या चाकांनी चर्चचा चढ चढला तर तुझा, नाही तर भंगारवाल्याचा. चालेल! माझा पाय धड असता तर मीच आलो असतो.

घाईने स्टार्टर मारू नकोस. आधी टाकीतलं जुनं डिझेल खालून सोडून दे. अर्धी टाकी पडून राहिली की आतून घाम सुटतो, तळाशी पाणी नि शेवाळ साचतं. टाकी धू, फिल्टर नवा घाल. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून इंजिनावरचा छोटा हातपंप मार, म्हणजे नळीतली हवा निघेल. बुडबुडे थांबेपर्यंत मारायचा, तुझ्या आईसारखं दोनदा मारून कंटाळायचं नाही. लोभ आहेच.

तुझा कोर्नेलिसमामा

गोलो वेलू, ९ जुलै

ती. मामांना सा. न. वि. वि. मामा, सुरू झाला! टाकीतून काळ्या कॉफीसारखं पाणी नि बुळबुळीत गोळे निघाले. हात दुखेस्तोवर पंप मारला. इतका धूर झाला की कोंबड्या कौलांवर! आजीला वाटलं डोंगरच फुटला.

पण पाव तासात गचके देऊन बंद पडतो. मग आई टाकीचं झाकण उघडते, आत तोंड घालून बाबांना हाक मारते, अहो उठा म्हणते. मी चार हात पंप मारते, की पुन्हा सुरू! झाकण उघडताना फुस्स होतं, तो बाबांचा सुस्कारा, असं आजी म्हणते. गावाने कोंबडा कापून चाकाला रक्त लावलं, तरी तेच. काका म्हणाले, मेलेल्या म्हशीला किती चारा घालशील. मामा, चढावर आई कितीदा उतरणार? लोभ असू द्यावा.

आपली मेतिल्दा

रेओ, १३ जुलै

चि. मेतिल्दास आशीर्वाद. अगं, हाक नव्हे, झाकण! फुस्स वाचलं नि मी एकटाच ओरडलो, शेजारीण धावत आली. डिझेल जाईल तेवढी हवा टाकीत यायला हवी. झाकणातलं बारीक भोक बुजलंय, म्हणून टाकी डिझेल सोडत नाही. सुई घालून मोकळं कर. आईला मात्र लगेच सांगू नकोस. मारू दे तिला हाका.

मामा

गोलो वेलू, १८ जुलै

ती. मामांना सा. न. वि. वि. भोकात मेण निघालं! पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून बाबांनीच आजारपणात भरलं होतं. आईला कालपर्यंत सांगितलं नाही.

काल चढाला आई टाकीच्या झाकणावर हात ठेवून बाहेर लोंबकळत होती, हाकेच्या तयारीत. ट्रक कुठे थांबतोय! चर्चच्या दारात हॉर्न दिला तेव्हा पाद्रीबाबा प्रवचन अर्धं टाकून बाहेर आले. काका भंगारवाल्याला बाजूला सारून पुढच्या सीटवर चढून बसले, नि घरापर्यंत सोड म्हणाले. मेणाचं कळल्यावर आई रडली, मग इतकी हसली की गुडघा विसरली.

उत्तर लवकर लिहून ठेवा मामा. गुरुवारी कॉफीची पोती घेऊन मी रेओला येतेय, तेव्हा तुमच्या हातूनच घेईन.

आपली मेतिल्दा