शुक्रवारचा भाग

४ तारीख, सोमवार

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो, असं आत्या म्हणाली. धरा. त्यात कमीपणा नाही. इकडे सगळं ठीक. तुमच्या जावयांनी दाढी वाढवली आहे आणि ती आपल्याला शोभते असा त्यांचा समज आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, मग मी ओरडते, मग आत्या स्पीकर लावते आणि शेजारच्या काकूही मध्येच आपलं मत देतात. काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात. म्हणजे, तसं विशेष काही नाही.

माझं ऑफिसातलं काम बदललंय. आमच्या वाहिनीवर तुरुंगाची ती मालिका चालू आहे ना, आत्या बघते ती, तिच्याबद्दल प्रेक्षक जे लिहून पाठवतात ते सगळं आता मी वाचते. रोज सात-आठशे मतं. वाचायची, 'कौतुक', 'तक्रार', 'सूचना' असे गठ्ठे करायचे आणि दर सोमवारी लेखकांच्या खोलीत जाऊन त्यातली निवडक वाचून दाखवायची.

लोक काय काय लिहितात! एका दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं, मारामारीत पडलेला दात पुढच्या भागात दुसऱ्याच बाजूचा दिसतो. एक निवृत्त शिक्षक लिहितात, शिव्या कमी करा. आणि खाली बारीक अक्षरात, 'तिसऱ्या शिवीचा अर्थ कळवावा.' एका गृहस्थांना वाटतं, कैद्यांना इतकं पोटभर जेवताना दाखवू नका, लोकांना आत जावंसं वाटेल. आणि परवा एका बाईचं आलं: 'माझा नवरा आत आहे. मारहाण थोडी कमी दाखवा, माझी सासू बघते.' हे कोणत्या गठ्ठ्यात टाकायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आत्याचंही मत पोहोचलंय. 'त्या जाड्या जेलरच्या तोंडात किडे पडोत.' ते मी कौतुकात टाकलं.

बाबा, एक विनंती आहे. येत्या शुक्रवारचा भाग बघू नका. तसा तो रटाळच आहे. आत्याला घेऊन तिच्या नणंदेकडे जाऊन या, किती दिवस ती बोलावतेय. किंवा आवाजाने डोकं दुखतं म्हणा आणि टीव्ही लावूच देऊ नका. तुम्ही एवढी वर्षं नोकरी तुरुंगातच काढलीत, पुन्हा घरबसल्या तेच कशाला बघायचं?

तुमची,
भिंगरी

ता. क. खरंच जा.

·

१९ तारीख, मंगळवार

बाबा,

तुम्ही भाग पाहिलात.

दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन आला होता. 'अगं, हा जाहिराती लागल्या तरी डोळे लावून बसलेला. मग उठला, टीव्हीची पिन काढली आणि ती खिशात घालून फिरतोय. याला झालंय तरी काय?' मी म्हटलं, गुडघा दुखत असेल. फोन ठेवल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तेव्हापासून दहा दिवस हे पत्र लिहायला बसते आणि उठते.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी, दवाखान्यातल्या त्या बाकावर, तुम्ही मला ते सांगितलं होतंत. उभ्या जन्मात एकदाच. दुपारची गिनती चालली होती आणि एक कैदी कमी भरत होता. गिनती जुळेपर्यंत एकही दार उघडायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. सात नंबरच्या खोलीत दम्याचा माणूस होता, त्याचा पंप ऑफिसात जमा. तोंडातून आवाज फुटेना, म्हणून त्याने गजांमधून आपली चप्पल तुमच्या पायाशी सरकवली. तुम्ही ती उचललीत आणि दाराशी सरळ करून ठेवलीत. चाळीस मिनिटांनी गिनती जुळली. कागदावर लिहिलं गेलं, झोपेत मृत्यू.

हे मी मालिकेच्या लेखकाला सांगितलं.

नाव सांगितलं नाही, गाव नाही, वर्ष नाही. माझे वडील असं तर मुळीच नाही. 'एका ओळखीच्यांनी पाहिलेलं' म्हणाले. तो अडला होता, 'काहीतरी खरं वाटेल असं हवं' म्हणत खोलीत येरझाऱ्या घालत होता. मी बोलायला लागले तसे सगळे पेन खाली ठेवून माझ्याकडे वळले. त्या खोलीत तोवर मला कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. बाबा, मला बरं वाटलं. आता लिहिताना लाज वाटतेय, पण तेव्हा बरं वाटलं होतं, हे खोटं कसं सांगू?

त्या एका भागावर तीन हजार मतं आली. त्या शिपायाला फासावर द्या. त्याला त्याच खोलीत कोंडा. मेल्याच्या घरच्यांना हे माहीत असेल का? हे शेवटचं वाचून मी जागची उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. एकाने मात्र लिहिलंय, 'हुकमाचा ताबेदार तो. त्यालाही मुलंबाळं असतील. तो तरी काय करणार?' त्याच्यावर दीडशे लोक तुटून पडले. ते मत माझंच होतं. 'एक प्रेक्षक' म्हणून मीच लिहिलं होतं.

पण आज शेवटी पत्र लिहितेय ते यासाठी नाही. गेल्या गुरुवारी पोस्टाने एक पाकीट आलं. जसंच्या तसं उतरवते:

'माझा धाकटा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी तुरुंगात वारला. खटला सुरूही झाला नव्हता. झोपेत गेला असं आम्हाला कळवलं. त्याचं सामान घरी आलं, त्यात एकच चप्पल होती. दुसरी कुठे आहे असं मी लिहून विचारलं, उत्तर आलं नाही. लोक म्हणाले, भाऊ गेला आणि ही चपलेचं काय घेऊन बसलीय. तुमच्या लेखकाला ती चप्पल कुठून सुचली, एवढंच कळवा. मनाने रचलेलं असेल तर तसं सांगा, मी पुन्हा विचारणार नाही. मी अजून त्याच घरात राहते.'

आमचे साहेब म्हणाले, छापील उत्तर पाठवून दे. 'मालिकेतील सर्व घटना व पात्रे काल्पनिक आहेत, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.' चार ओळी आणि खाली शिक्का. पाकीट पाच दिवस माझ्या खणात आहे. रोज खण उघडते, ते आहे ना बघते, आणि बंद करते.

तुम्ही म्हणाल ते करीन. छापील उत्तर पाठव म्हणालात तर पाठवीन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. नको म्हणालात तर... पुढचं मला लिहवत नाही. रागावला असाल तर रागावून का होईना, दोन ओळी लिहा.

आणि ती दुसरी चप्पल कुठे गेली, बाबा? ते तुम्ही बाकावर सांगितलं नव्हतंत.

भिंगरी

·

२९ तारीख, शुक्रवार

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच. ते काही रागलोभावर अवलंबून नसतात.

रागावलो होतो. लिहितो, कारण लपवलं तर तुला उगाच हायसं वाटेल. तू मला विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नसशील.

तुझा तो भाग चुकला आहे. लेखकाने शिपायाला रडताना दाखवलंय. मी रडलो नाही. मी ड्यूटी कधी सुटते ते घड्याळात बघत होतो. हे माझं मत तक्रारीच्या गठ्ठ्यात टाक.

चपलेचं सांगतो. ती दाराबाहेर सापडली असती तर चौकशीत प्रश्न निघाला असता, की माणूस झोपला होता तर चप्पल गजाबाहेर कशी? ती काढून टाक असं मला साहेबांनी सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. मला आपणहून सुचलं. तुरुंगाच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत टाकली. हुकमाचा ताबेदार वगैरे तू लिहिलंस, ते दार न उघडण्यापुरतं खरं आहे. चपलेपुरतं नाही. हे मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

त्या बाईंचा पत्ता तू लिहिला नाहीस. गरज नव्हती. सामानाच्या गाठोड्यावर तो मीच लिहिला होता, अजून पाठ आहे. सोमवारी गेलो. तुझ्या आत्याला दवाखान्यात जातो म्हणून सांगितलं.

बाई शिवणकाम करतात. दार उघडंच होतं. गळ्यात टेप, समोर मशीन. मला बघून म्हणाल्या, 'माप आणलंय का?' मी म्हटलं, 'तुमच्या भावाच्या खोलीबाहेर त्या दुपारी मी होतो.'

त्या धड उठल्या नाहीत, धड बसल्या नाहीत. मशीनला धरून तशाच अर्धवट राहिल्या.

'झोपेत नाही ना गेला?'

'नाही.'

'हाक मारली का त्याने?'

'दम नव्हता. चप्पल सरकवली.'

'तुम्हाला दिसली?'

'दिसली.'

'किती वेळ चाललं?'

'चाळीस मिनिटं.'

मग मी भट्टीचंही सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या की नाही कळेना. मशीनवरचं कापड उचलून घडी घालत म्हणाल्या, 'पंचवीस वर्षं मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय.' मग म्हणाल्या, 'तुम्ही आता जा.' मी निघालो. फाटकापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून हाक आली. 'हे लिहून द्याल का?'

मापं लिहायच्या वहीतले कागद काढून दिले. लिहायला दोन तास लागले. माझं पूर्ण नाव, बिल्ला नंबर, तारीख, साहेबांचं नाव, सगळं लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. एके ठिकाणी मी 'उशीर झाला' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं आणि 'दार उघडलं नाही' असं लिहून घेतलं. बरोबरच आहे. माफ केलं का, असं विचारू नकोस. मी विचारलं नाही.

कागद त्यांनी वकिलाला दिलेत. जुनं प्रकरण उघडायचा अर्ज होणार आहे. साहेब वारले. उरलो मी. माझ्यावरही ठपका येईल, असं वकील त्यांना म्हणाला, आणि त्यांनी ते मला स्वतः कळवलं. न सांगता चाललं असतं त्यांना.

भीती वाटते, भिंगरी. परवा पोस्टमन दिसला तर दारामागे जाऊन उभा राहिलो. पाणीपट्टीचा कागद होता. आत काय असतं ते मला माहीत आहे. एखादा शिपाई कैदी होऊन आत आला तर त्याचं काय होतं तेही मी पाहिलंय. ते तुमच्या मालिकेत अजून आलेलं नाही. लेखकाला सांगू नकोस.

तुझ्या आत्याला आज दुपारी सांगणार आहे. जेलरला शिव्या घालून घालून तिची जीभ चांगली तयार झालीय. घालू दे.

ते छापील उत्तर फाडून टाक. आणि तुझ्या साहेबांना सांग, त्या पत्राला उत्तर गेलं म्हणून.

कोर्टात तारीख लागली की कळवीन. यावंसं वाटलं तर ये. कुठे बसायचं ते तुझं तू ठरव. त्या बाईंचं दुसरं कुणी नाही, त्यांच्या शेजारची जागा रिकामीच असेल. तू तिथे बसलेली दिसलीस तर मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. पण बस.

त्या दुपारी ड्यूटीवर असलेला,
तुझा बाबा