हदगावचा ठिपका

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि माझा राग काही गेला नाही. आज तर नव्यानं उफाळून आला. नांदेडच्या आपल्या प्रयोगशाळेत, जिथे आता मी शिकवते, तुमचा तो नकाशा अजून भिंतीवर आहे. शेपटीला चिमटा असलेले ते बारके किडे मराठवाड्यात कुठे कुठे सापडतात, ते तुम्ही शाईच्या ठिपक्यांनी दाखवलेलं. तुमच्या मुरुडच्या उकिरड्याला ठिपका आहे. माझ्या हदगावला नाही. पोरं नकाशा बघून बिनदिक्कत लिहितात, ‘हदगाव भागात आढळ नाही.’ अहो, आढळ होता! मी आणून दिला होता तुमच्या हातात.

तो दिवस तुम्हाला कशाला आठवेल? घरामागे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग आहे. माय एकेक काडी उचलते आहे, मी वाकून बघते आहे, आणि खालच्या ओलसर मातीत ती बसलेली, अंड्यांच्या पुंजक्यावर. मी बोट नेलं तर पळाली नाही, उलट चिमटा उगारला. माय हसली. "एवढ्याशा किड्यासाठी नांदेडला शिकून राहिलीस का गं?" म्हणाली, आणि लगेच, "ने, सरांना आवडंल." तिला अंड्यांसकट स्पिरिटच्या नळीत घातलं आणि बसच्या सगळ्या धक्क्यांत ती नळी मी छातीशी धरून बसले होते.

तुम्ही भिंगातून पाहिलंत. "मादी हाय ही. चिमटा सरळ. मादीवरून प्रजाती न्हाई कळत. नर आण, मग बघू." आणि नळी अंड्यांसकट बेसिनमध्ये ओतलीत. मागून एकजण ओरडला, "सर, हिच्या गावात नरच न्हाईत!" सगळे खिदळले. तुम्हीही हसलात. ते हसू मी माफ केलेलं नाही. वर्गीकरण नराच्या वाकड्या चिमट्यावरून करतात, मान्य, मीही तेच शिकवते. पण नाव कळलं नाही तर नाही. ती तिथे राहते, अंडी राखते, एवढं तरी लिहायचं होतंत. तुम्हाला ओळखता आली नाही म्हणून ती नव्हतीच, असं तुम्ही ठरवलंत आणि शहाण्यासुरत्या लोकांनी ते खरं मानलं.

आज माझी एक विद्यार्थिनी हदगावहून नळी घेऊन आली. नर. चिमटा चांगला वाकडा, आतून दाते असलेला. मी स्टुलावर चढले आणि तुमच्या नकाशावर ठिपका दिला. शाई वाळली तरी तिथेच उभी राहिले. पोरगी घाबरली. "मॅडम, उतरा की. चक्कर येऊन राहिली का?" तिला काय सांगणार, कपाळ! एखाद्याचं काम पटलं की तुम्ही नुसतं "हाव" म्हणायचात. माझ्या वाट्याला ते कधी आलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते: स्टुलावर उभी राहून मी त्या "हाव"ची वाट बघत होते. आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आला.