मागची सीट

बाबा, गाडी अजून आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर आईची तब्येत, माझी नोकरी सगळं नंतर विचारलं असतंत, पहिला प्रश्न गाडीचाच आला असता. गोळीबार चौकातल्या आपल्या त्याच गल्लीत उभी असते, निम्मी आपल्या दारात आणि निम्मी शेजाऱ्यांच्या. शेजारी बदलले, भांडण तेच आहे. बॉनेटचा रंग उन्हानं पार उडाला, मागचं दार बाहेरून उघडत नाही, आणि एसी तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात गेला, तो मी परत आणला नाही. भाऊ पुण्याहून फोन करतो तेव्हा दर वेळी म्हणतो, "ताई, काढून टाक वं थे धूड. दोघी मायलेकी तुमी, अन् गाडी आठ जनाची." एरवी तो आता अगदी पुण्याचं बोलतो, पण गाडीवर चिडला की आपली बोली येते त्याच्या तोंडी. त्याचं म्हणणं खरं आहे. खरं बोलणाऱ्याचा राग जास्त येतो, एवढंच.

ती घरी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. लकडगंजच्या एका लाकूडवाल्यानं वापरून जुनी केलेली, आत अजून सागाचा भुसा. तुम्ही गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या साड्या उलगडून दाखवायचात, घरातला माग विकून कितीतरी वर्षं झाली होती, आणि अशा घराच्या दारात ही एवढी मोठी डिझेल गाडी. मोठे काका उमरेडहून बघायला आले आणि म्हणाले, "अबे, कोष्ट्याच्या घरी हत्ती बांधला तुनं. चारशीन काय त्याले?" तुम्ही हसलात फक्त. त्याच्या आधीच्या वर्षी एका लग्नाला आपण दोन खेपांत गेलो होतो, दुसऱ्या खेपेचा टेम्पो बंद पडला आणि आत्या मंगलाष्टकं झाल्यावर पोचली. तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच होतं, की घरातलं माणूस मागं राहता कामा नये, जायचं तर सगळ्यांनी एकाच गाडीत. दसऱ्याला पूर्वी मागाची पूजा व्हायची, त्या वर्षीपासून गाडीची व्हायला लागली, बॉनेटवर आडवा धागा न्यायचा मागाचा जुना धोटा ठेवून. लोक नारळ फोडतात, लिंबू बांधतात. धोट्याला हळदकुंकू लावून तो डॅशबोर्डवर ठेवणारे तुम्हीच. तो अजून तिथेच आहे, ब्रेक दाबला की घरंगळतो.

आणि तुमची ती हजेरी. चावी लावायची, पण फिरवायची नाही. मान न वळवता आवाज द्यायचा, "मागचे?" मागून सगळ्यांनी होकार ओरडायचा, "हाव!" "मधले?" "हाव!" मग गाडी सुरू. एकदा उमरेडहून निघताना भावानं गंमत म्हणून सगळ्यांच्या वतीनं एकट्यानंच "हाव" ठोकून दिला आणि आपण निघालो. पाचगावच्या पुढे आल्यावर आईच्या लक्षात आलं की आत्या गाडीत नाहीच. परत गेलो तेव्हा ती काकांच्या दारात हातात पिशवी घेऊन उभी होती, रडत नव्हती, नुसती उभी होती. कॉलेजात जाणारं मोठं पोरगं म्हणून तुम्ही त्याच्यावर हात उचलला नाहीत. पण त्याला आणि त्याच्याबरोबर हसले म्हणून मला, दोघांनाही समोर घेऊन जे बोललात ते लागलं. "हाव म्हनजे हाव असते. मानूस बसलं नसन तं हाव म्हनाचं नाही. धागा तुटला अन् तुमी तसंच विनत गेले, तं लुगडं कोनाले दाखवसान?" नंतर उमरेड रस्त्याभर आत्या तेवढी म्हणत राहिली, "जाऊ दे ना बाप्पा, लेकरं आहेत."

मग खळीचा प्रकार. तो आठवला की मला अजून हसू येतं, आणि तुमच्यावर हसायला आता घरात कोणी उरलं नाही म्हणून लगेच विरतंही. उमरेडला महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून आपण निघायच्या बेतात, आणि गाडीखाली पाण्याचं थारोळं. रेडिएटर गळतोय. कोणी म्हणालं हळद टाका, हळदीनं भोक बुजतं, सगळे ड्रायव्हर टाकतात. पण काकांकडे तेव्हा एक माग चालू होता आणि ओसरीवर सुताला लावायची खळ तयार होती, गव्हाच्या पिठाची, चांगली घोटलेली. तुमच्यातला विणकर जागा झाला. "हळदीनं काय होते? धाग्याले जे धरते, थे पान्यालेही धरीन." आणि ओतलीत की हो! अर्धं भगुणं! गळती थांबली, हेही खरं. तुम्ही असं काही बघितलंत आमच्याकडे, जिंकल्यासारखं. पाचगाव यायच्या आत काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ, आणि वाफेला पेजेचा वास. सगळी वरात रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी, आई पदरात तोंड लपवून हसते आहे, आत्या म्हणते आहे, "दादा, मीठ टाकून घ्या ना, पिऊन टाकू." तुम्ही मात्र झाकण उघडायची वाट बघत बॉनेटवर हात ठेवून उभे, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

गाडी तुम्ही मला दिलीत ती मात्र हसत दिली नाहीत. शिकवताना माझ्या क्लचवरच्या पायाला नावं ठेवलीत, "पावडीवर पाय ठेवून कोनी झोपते काय वं?" मागाच्या पावड्या मी लहानपणी पाहिल्या होत्या म्हणून कळलं तरी. मग एका रविवारी इतवारीत आईसाठी पितळी परात घेतली आणि परत येऊन गाडीत बसताना तुम्ही चावी माझ्या हातात ठेवलीत. "गाडी तुही. थो तुहा भाऊ जाईन. तू राहशीन." मी राहीन हे तुम्ही कोणाला विचारून ठरवलंत? माझं लग्न जमत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते असं किल्लीबरोबर हातात द्यायचं असतं का? मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. अजूनही पूर्ण गेलेला नाही. मी राहिले, हे वेगळं.

आता आईचं सांगते. मागच्या उन्हाळ्यात ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती नीट बसलीच नाही. पाठ टेकून थोडा वेळ, मग आडवी. बाकीही बरंच आहे, छातीत पाणी होतं, ते काढतात, पुन्हा होतं. डॉक्टर माझ्याशी बोलतात तेव्हा हातातल्या कागदाकडे बघून बोलतात. पोळा झाला तशी तिनं एकच घोशा लावला, महालक्ष्म्यांना उमरेडला जायचं. मी म्हटलं, चुलतभाऊ डबा पाठवेल. माझ्या तोंडून ते चुकूनच गेलं. आपल्या घराण्यात महालक्ष्म्यांचं जेवण उंबऱ्याबाहेर जात नाही, ज्याला हवं त्यानं तिथे जाऊन पानावर बसायचं, हे मला माहीत नव्हतं थोडंच? आई माझ्याकडे बघतच राहिली. "डबा? देवीचा डबा? मले नेऊन टाक वं एकडाव. सगळेच जाऊ, तुह्या बाबाच्या गाडीत." मी म्हटलं, बरं, अँब्युलन्स करते, आडवं जाता येईल. तर म्हणे, "जित्तेपनी अँबुलन्समधी बसून देवीपाशी जाऊ काय? लोकं काय म्हनतीन, मुडदा आनला?" 

गाडी तेव्हा उमरेड रस्त्यावरच्या दिघोरीच्या पुढे न्यायच्या लायकीची नव्हती. चढ लागला की तापायची. गॅरेजमध्ये नेली. तिथल्या उस्तादानं रेडिएटर उतरवून वरचं पत्र्याचं झाकण खोललं, आत बॅटरी मारली आणि मला हाक दिली. "ताई, इधर आओ. ये कोने की नलियाँ देखो. इसमें आटा किसने डाला?" तुमच्या वेळी कोणीतरी साफ केला होता म्हणे, पण कडेच्या नळ्या कोणाच्या लक्षात आल्या नाहीत, त्यांत ते पिवळट, दगडासारखं घट्ट बसून होतं. मी म्हटलं, "मेरे पिताजी ने." तो हसला, मीही हसले, आणि मग गॅरेजच्या मधोमध, ग्रीसच्या डब्यांपाशी, मला रडू कोसळलं. बिचारा गोंधळला. "अरे ताई, नया डाल देंगे ना, रोने का क्या है उसमें." नवा टाकला. जुना भंगारात दिला. तो जपून ठेवला असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तो गळत होता, आणि गळणारी वस्तू मी घरात किती ठेवू?

भाऊ येणार होता. फोनवर म्हणाला होता, "हाव, येतो ना आमी सगळे." आत्याची मुलगीही नवऱ्याला घेऊन येते म्हणाली होती. मी सीटची कव्हरं धुतली. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू, किती वर्षांनी गाडी भरणार होती. मग आधी आत्याच्या मुलीचा निरोप आला, सासूला बरं नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी भावाचा फोन, पोरीची परीक्षा आहे, ऑफिसातून सुट्टी नाही, दिवाळीत नक्की येतो. मी आरडाओरडा केला नाही. "परीक्षा काय देवीनं ठेवली काय रे?" एवढं म्हटलं आणि फोन ठेवला. आईला वाटेत आडवंच न्यावं लागणार होतं. मी गाडी पुन्हा गॅरेजमध्ये नेली, मधली सीट पुढे दुमडून बांधली आणि मागची सीट काढायला लावली. उस्तादानं विचारलं, "निकाल दूँ? पक्का?" बसणारं कोणी नव्हतं. सीट रिक्षात घालून घरी आणली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लावली. गाडीत तिच्या जागी आपली कापसाची गादी अंथरली.

सकाळी आईला उचलून ठेवायला तो पार्किंगवरून भांडणारा शेजारीच आला. मोठ्या हलक्या हातानं ठेवलं त्यानं. मागचं दार आतून लावायला मी गादीवरून रांगत गेले, पुढे आले, चावी लावली, आणि माझ्या नकळत तोंडून गेलं, "मागचे?" मागून बारीक आवाज आला, "हाव." मी चावी फिरवणार, तेवढ्यात आईनंच विचारलं, "अन् मधले?" मी आरशात पाहिलं नाही. गाडी सुरू केली. पाचगाव गेलं, ती बाभळ आता नाही, रस्ता रुंद झाला. काटा मधोमध होता बाबा, सगळ्या रस्त्यात एकदाही हलला नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. उमरेडला चुलतभाऊ आणि वहिनी दोघंच. त्यांची मुलंही बाहेरगावी. आईला खुर्चीवर बसवून, खुर्चीसकट उचलून महालक्ष्म्यांपुढे नेलं. सोळा भाज्या होत्या, आंबील होती, पानं मात्र चारच. आईनं पुरणाचे दोन घास माझ्या हातून खाल्ले आणि ज्येष्ठेच्या मुखवट्याकडे बघत राहिली. काय मागितलं कोण जाणे. 

परतताना मला वाटलं आई झोपली. दिघोरी आलं तेव्हा मागून म्हणाली, "इथली सीट कुठी गेली वं?" मी म्हटलं, कव्हर बदलायला दिली. तर म्हणाली, "बसवून घेजो मग. पुढच्या साली सगळे येतीन, कुठी बसतीन बिचारे?" मी म्हटलं, "हाव."

हे मी त्याच सीटवर बसून लिहिते आहे. हिच्या रेक्झिनला अजून आत्याच्या सुपारीचा आणि डिझेलचा वास येतो. आतल्या खोलीत आई पडून आहे, तिचा श्वास इथपर्यंत ऐकू येतो, तो ऐकत मी एकेक ओळ लिहिते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे तुम्ही चिडायचाही प्रश्न नाही, तरी सांगते. सीट काढली तेव्हा, परत बसवायला लागतील म्हणून, उस्तादानं तिचे नटबोल्ट कागदात गुंडाळून माझ्यापुढे धरले होते. मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच.