आनंदरावांचा टेम्पो रिकामा गेला

मु. पो. भोर, जि. पुणे

चि. मुजफ्फर यास रहमतआपाचा सलाम आणि लई लई दुवा. हितं गुडघा सोडला तर माझं समदं बरं हाय. तुझं मस्कतात बरं असावं. जेवणात तिखट मिळत न्हाई असं लिव्हलंस, ते वाचून जीव तुटला. कुणी तिकडं येणारं भेटलं की आपल्या मिरची कांडायच्या डंकावरची चटणी पाठवते. (तोवर कांद्याबरोबर खा, पण पोट मारू नको.)

आता तुझ्या टाकीचं. तू लिव्हलंस, आपा, तुला लई तरास झाला, आता माझे पुण्याचे दोस्त आनंदराव टेम्पो घेऊन येतील, ती खाऱ्या पाण्याची टाकी आतल्या कोरलांसकट, म्हणजे जित्या पोवळ्यांसकट, त्यांच्या हवाली कर. तर ते शुक्रवारी येऊन गेले. काय झालं ते सांगते, पण पहिल्यापासनं सांगते, न्हाईतर म्हणशील आपानं नीट संभाळलं न्हाई.

ही झाडं न्हाईत, जनावरं हायेत, असं तू जाताना बजावलंस. शेपूट न्हाई, डोळे न्हाईत, खायला मागत न्हाई, हाकललं तर जात न्हाई, असलं जनावर म्या जन्मात बघितलं नव्हतं. त्यातलं थोरलं म्हणजे भाकरीएवढं अळंबंच, अंगभर बारीक बोटं फुटलेलं. बाकीची लहानी, दगडांना चिकटलेली, दिवसभर मुठी उघडतात नि मिटतात. घरातलं मीठ घालू नको म्हणालास, न्हाई घातलं. पण पाणी आटलं की म्या तुझ्याच पाकिटातलं मीठ कालवून वरनं भरत गेले, आणि अळंबं आखडत चाललं. एकदा बोट बुडवून जिभेला लावलं तर कडूजहर! तवा डोक्यात उजेड पडला. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. रस्सा आटला तर आपण वरनं मीठ घालतो व्हय? पाणीच घालतो की! इतकी वर्षं रांधतेय, पण माझं मेलीचं डोकं चुलीपुरतंच. तवापासनं आटलं की साधं पाणी, आणि अळंबं पुन्यांदा फुललं.

मग मिरचीचा हंगाम आला. डंक सुरू झाला की आपल्या घरात भिंतसुद्धा शिंकते, तुला ठाऊक हाय. पाण्यावर लाल साय दिसली तशी चौघांना लावून टाकी आतल्या खोलीत नेली, आणि दाराला ओलं पोतं टांगलं. ते झालं तर लोडशेडिंग. लाईट गेली की डंक बी बंद आणि टाकीतली मोटर बी बंद. पाणी हलतं राहिलं न्हाई तर ही मंडळी गुदमरतात, असं तू सांगितलेलं. म्हणून म्या आमटीचा डाव घेऊन हळूहळू पाणी ढवळत बसायची. हात भरून आला की डंकावर खोळंबलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात डाव द्यायची. उत्रोलीचा गेनबा पहिल्या दिवशी काकवी घोटावी तसा ढवळायला लागला, त्याला चांगला झापला. आता तो नीट ढवळतो आणि लाईट आली तरी उठत न्हाई. शेजारची ठकुबाई तर घरची लाईट गेली न्हाई तरी येते. तुझे भावजी गेल्यापासनं या घरात दिवसाउजेडी कुणी टेकत नव्हतं रं. मिरच्या टाकायचे नि बाजारात जायचे. आता चहाला कप पुरत न्हाईत. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग एक दिवस थोरलं मेलं. म्हणजे मला तसंच दिसलं. बोटं आत गेली, अंग सुरकुतलं, वर मेणासारखी साय धरली. दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी, काही उपाय लिव्हलाय का ते बघायला तुझं जुनं पत्र काढलं, आणि वाचता वाचता टाकीपाशी बसून रडायलाच लागले. तेवढ्यात ठकुबाई दारात. मस्कतचं पत्र हातात आणि बहीण रडतीय, आता भोरातलं कुणीबी माणूस काय समजंल? ती आल्या पावली परत गेली. घटकाभरात गल्ली गोळा झाली. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून कुणी पिठलं-भाकरी आणली, कुणी डाळ-भात. मला हुंदक्यानं बोलता येईना. गेनबा तुझे इतके गुण गायला की मलाच कळंना हा कुणाबद्दल बोलतोय. लहानपणी त्याचे आंबे पाडलेस, ते बी त्यानं माफ केले. शेवटी म्या टाकीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, मुजफ्फर बरा हाय, हे गेलं. ठकुबाईचं तोंड जरा उतरलंच, पिठल्याला लसणाची चांगली फोडणी दिलेली तिनं. गेनबानं आंब्यांची माफी माघारी घेतली. पण आणलेलं अन्न परत न्यायचं नसतं, म्हणून समदे तिथंच जेवले.

आणि दोन दिवसांनी ती साय सुटून गेली, खालनं नवं कोरं अंग निघालं, बोटं दुप्पट. सापागत कात टाकत व्हतं मेलं! आमी उगा रडलो.

आता आनंदराव. शुक्रवारी टेम्पो घेऊन आले, माणूस भला हाय, या छंदात नवाच. आतल्या खोलीत गेले तर थोरलं सुरकुतलेलं, वर मेणाची साय, आणि लहान्यांच्या मुठी मिटलेल्या. म्हणाले, ताई, हे गेलं हो. म्या पदर तोंडाला लावला. नुसती टाकी नेऊन काय करू म्हणाले, मलाच धीर दिला, चहा घेतला नि रिकामा टेम्पो घेऊन गेले. तू वाईट वाटून घेऊ नको. मरण कुणाला चुकलंय?

तुझी आपा,
रहमतबी

ता. क. काल थोरल्याची साय सुटली. ताटाएवढं झालंय.

ता. क. आणखी. आनंदराव यायच्या आधी म्या लहान्यांचे दगड जरा हलवून पुसून घेतले व्हते. पाहुणा येणार, घर साफ नको व्हय? त्यानं त्यांनी मुठी मिटल्या, त्याला माझा इलाज न्हाई. टेम्पो आला तवा ठकुबाई आणि गेनबा दोघं ओट्यावरच व्हते. दोघंबी काही बोलले न्हाईत. मुजफ्फर, ती टाकी हितंच राहू दे रं.

ता. क. शेवटचं. तुझ्या मिठाची पाकिटं सरत आलीत. पुण्यात कुठं मिळतात ते आनंदरावांनाच ठाऊक. तूच त्यांना लिव्हून मागव. मेलेल्याला मीठ कशाला असं त्यांनी विचारलं तर सांग, आपाला लोणचं घालायचंय.