यंदाच्या मुठीचा ठसा

डेलबर्ट,

मूठ हातात बसत नाही म्हणून काल तू रिव्हॉल्व्हर परत आणून टाकलंस. तुझं बरोबर आहे, ती बसणारच नव्हती.

दर वर्षी ओहायोच्या नेमबाजी स्पर्धेआधी तू माझ्या दुकानात ओली माती हातात दाबून धरतोस आणि त्या ठशावरून मी अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरते. बावीस वर्षांचे ठसे फळीवर मांडलेत. सगळ्यांत तुझ्या बोटांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत. यंदा त्या पुसट आल्या. माती सैल असेल म्हणून तुला पुन्हा धरायला लावली, तरी तेच.

"नळी जरा जड कर, टोकावरची नेम धरायची माशी नाचते," एवढंच तू म्हणालास. मी जड नळी बसवली. मूठ मात्र गेल्या वर्षीच्या ठशावरून कोरली. यंदाच्या ठशाला सुरी लावायला मन धजलं नाही.

काल हरून आलास आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडलास, "अर्लीन, तुझा हात बिघडलाय! म्हातारी झालीस!"

"झाले असेन," मी म्हणाले.

इथे खाली डॉक्टरांचा पत्ता लिहिला होता, तो खोडला. हे पत्रही टाकणार नाही. उद्या ये, माती मळून ठेवते. या वेळी ठसा येईल तशीच मूठ कोरेन. तोवर अर्लीनचा हात थरथरतो म्हणून गावभर सांगत फीर. कुणी विचारलंच, तर मी हो म्हणेन.

तुझी धाकटी बहीण,
अर्लीन