गाडी तयार आहे, पेटी तेवढी नाही

मी स्टिअरिंग धरून बसलेलो असतानाच मेकॅनिक वाकला, माझ्या गुडघ्यांजवळची काळी पेटी उपसून त्याने काखोटीला मारली आणि शेजारच्या ट्रकमध्ये चढला. दाजी, नमस्कार. तुमची कंबर बरी असावी आणि ताईचा आवाज शाबूत असावा. (एक दुसऱ्यावर अवलंबून नाही, असं मी धरून चालतो.)

आमचा जुना ट्रक तुम्हाला विकला तेव्हा नवा आठवड्याभरात दारात उभा राहणार होता. तो अजून शोरूमच्या मागच्या आवारात भावंडांच्या रांगेत उभा आहे. चाकं आहेत, आरसे आहेत, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा आहे. नाही ती एक पेटी, जिच्यावाचून इंजिनाला आपण इंजिन आहोत हे कळत नाही. कारखान्यातून पेट्याच येत नाहीत. शोरूमकडे आहे ती एकच. गिऱ्हाईक आलं की ती त्याच्या गाडीत बसवतात, इंजिन ऐकवतात आणि ते चहाला वळलं की पुढच्या गाडीत नेतात. (मी चहा पीत नाही म्हणून मला हे दिसलं. पित्ताचा आजवर झालेला हा एकमेव फायदा.)

सेल्समनला जाब विचारला. माणूस अतिशय नम्र. वाईट बातमी द्यायची असली की आधी खुर्ची पुढे करतो. त्याने खुर्ची दिली आणि किंमत वाढल्याचं सांगितलं. जी गाडी तुम्ही देतच नाही ती महाग कशी झाली, असं मी विचारलं.

"साहेब, मिळत नाही म्हणूनच तर."

 घरी हे हिला सांगितलं, तर ती म्हणाली की तो धंदा करतोय, जमलं तर त्याच्याकडून शिका.

इकडे कपाटांच्या कारखान्याच्या मालकांनी निरोप पाठवलाय : उद्या दुपारपर्यंत फाटकाशी ट्रक नसेल तर कपाटं पोचवायचं काम दुसऱ्याला. आपल्याकडे दुसरं काम नाही. ड्रायव्हर रोज माझ्याबरोबर आवारात येतो, नव्या गाडीत बसून आरसे नीट करतो आणि घरी जातो. पगार घेताना लाजतो, पण घेतो.

बाकी आमचं सगळं ठीक. तुमचंही असंच असू नये.

ता. क. नुसत्या उभ्या ट्रकचे टायर खराब होतात. केवळ तुमच्या काळजीपोटी तुमच्या दारातला तो जुना ट्रक थोडे दिवस मी चालवायला नेईन म्हणतो. पत्र ड्रायव्हरच्या हाती दिलंय. किल्ली त्याच्याच हाती द्या.

आणखी ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी. ड्रायव्हर पत्रासकट परत आला. तुम्ही ट्रक गेल्याच आठवड्यात चढ्या भावाने विकलात, असं ताईने त्याला दारातूनच सांगितलं. घेणारा आमचाच शोरूमवाला. ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना तो जुन्या गाड्या भाड्याने देतो. शोरूम उघडताच मी आपलाच जुना ट्रक भाड्याने घेतला. सेल्समनने खुर्ची दिली होती. कपाटं भरून झाली आहेत.